भाराखाली सरकणारी गाडी

नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरच्या एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, रेडियल ड्रिल, आर्गन वेल्डिंगचा सेट आणि उभा जन्म लेथवर काढलेले आमचे चाचा. कामं ठरलेली: साखर कारखान्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि बुश, दूधसंघांच्या स्टेनलेस पाइपलाइनचे युनियन, मोठ्या कंपन्यांकडून उतरलेले सुटे भाग. या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ मध्ये सुरू झाला, आणि नगरला कायनेटिकची लुना १९७०च्या दशकात बनू लागली. आमच्या हातातलं कसब या दोन वाटांनी आलेलं, ऊस-दुधाकडून आणि दुचाकीकडून. समुद्राकडून इथे काही यायचं कारणच नव्हतं. शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचावर, पाणी पितो ते मुळा धरणाचं, आणि उन्हाळ्यात अर्ध्या जिल्ह्याचे डोळे टँकरकडे लागलेले.

समुद्राचं काम आणलं ते कर्नलसाहेबांनी. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, त्यामुळे निवृत्त फौजी आमच्याकडे नवीन नाहीत. हे साहेब मात्र खडकवासल्याला एनडीएत असताना धरणाच्या पाण्यात शिडाची बोट चालवायला शिकले, आणि पुढे रणगाड्यांच्या नोकरीतही ते वेड सुटलं नाही. निवृत्तीनंतर मुंबईला राहायला गेले आणि १९८०च्या सुमाराला बांधलेली एक २६ फुटी फायबरची बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं, चार माणसं जेमतेम झोपतील एवढी केबिन. पावसाळा सोडला तर ती कुलाब्याजवळ मुरिंगला, म्हणजे पाण्यातच तरंगत्या बोयाला बांधलेली, असते. नवरा-बायको दोघंच ती चालवतात. साहेब सत्तरीला आलेले, वहिनी त्यांच्याहून थोड्या लहान.

साहेबांनी टेबलावर फोटो आणि हाताने काढलेलं ड्रॉइंग ठेवलं. "शेठ, ट्रॅव्हलर बदलायचाय. जुना वाऱ्यात हलत नाही, आणि तो वाऱ्यातच लागतो." मी ड्रॉइंग बाजूला ठेवलं. पंप बिघडला म्हणून सांगणाऱ्यालाही मी हेच म्हणतो, की आधी चालू मशिन दाखवा, माप नंतर घेऊ.

कोरड्या मुलखातल्या वाचकाला ही वस्तू काय ते सांगायला हवं. मोठं शीड डोलकाठीच्या मागे असतं आणि त्याच्या खालच्या कडेला एक आडवी दांडी, बूम. बूमला बांधलेला दोर, म्हणजे मेनशीट, कप्प्यांतून फिरवून चालवणाऱ्याच्या हातात आणलेला असतो. दोर ओढला की बूम आत येते, सोडला की बाहेर जाते. ग्यानबाची मेख पुढे आहे. बूम बोटीच्या मध्याजवळ असते तेव्हा हा दोर जवळजवळ उभा असतो, त्यामुळे तो बूमला आत कमी आणि खाली जास्त खेचतो. बूम खाली खेचली की शिडाची मागची कड ताठ होते. दोर ढिला केला की बूम बाहेर जाते आणि वरही उचलली जाते, कड सैल पडते, शिडाचा वरचा भाग पिळवटतो आणि त्यातला वारा निसटतो. शीड कोणत्या कोनात धरायचं आणि किती ताठ ठेवायचं ही दोन कामं एकाच दोराच्या गळ्यात पडलेली असतात. दोराचं खालचं टोक बोटीवर आडव्या बसवलेल्या रुळावरच्या गाडीला, म्हणजेच ट्रॅव्हलरला, बांधलं, की ही कामं वेगळी होतात. गाडी सरकवून कोन बदलायचा, ताठपणा जिथल्या तिथे. लेथवाल्याला हे चटकन कळतं: टूल जॉबमध्ये किती घालायचं ते क्रॉस स्लाइडच्या चाकावर, लांबीत किती न्यायचं ते कॅरेजच्या चाकावर. दोन्ही एकाच चाकावर असती तर मापातला जॉब निघालाच नसता.

फेब्रुवारीत मी मुंबईला गेलो. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत माळशेज उतरून कल्याणला, आणि तिथून लोकलने पुढे. सकाळी बंदरात पाणी निवांत होतं. मुरिंगवर उभ्या बोटीत मी ट्रॅव्हलर बोटाने सरकवून पाहिला. अ‍ॅल्युमिनियमचा टी आकाराचा रूळ, त्यावर बसलेला स्टेनलेसचा ठोकळा, ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना स्प्रिंगच्या पिनांचे अडथळे. पिन उचलायची, अडथळा हलवायचा, पिन पुढच्या भोकात सोडायची. थोडा खरखरला, पण सरकला.

दुपारी बंदरापलीकडच्या मांडव्याहून परत फिरलो तेव्हा वायव्येचा खारा वारा सुरू झाला होता. मांडव्याहून गेटवेकडे यायचं म्हणजे हा वारा बराचसा तोंडावर. बोट एका कुशीवर कलली आणि मी पहिल्यांदा पाहिलं, की बोटीवरची प्रत्येक वस्तू भार घेते तेव्हा तिचा चेहरा बदलतो. सकाळी लोंबणारा मेनशीट आता ताणून वाजत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० झाला तर शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट. मध्येच झोत आला की बोट आणखी कलायची, नाळ वाऱ्याकडे वळू पाहायची, आणि साहेब दोन्ही हातांनी टिलर, म्हणजे सुकाणूची दांडी, पोटाशी ओढून धरायचे. मग नाइलाजाने मेनशीट सोडायचे. शीड फडफडायचं, बोट सरळ व्हायची पण तिचा वेग मरायचा आणि ती लाटांत उड्या मारत वाऱ्याबरोबर बाजूला वाहायची. पुन्हा मेनशीट ओढायचा, तोवर पुढचा झोत.

"आता ट्रॅव्हलर सरकवा," मी म्हटलं. साहेब म्हणाले, "तुम्हीच बघा." मी टाच रोवून, दोन्ही हात लावून ठोकळा ढकलला. हालला नाही. पिनसुद्धा वर येईना, कारण सगळा भार तिच्यावर कलता आलेला. ठोकळा हलवायचा तर आधी मेनशीट सोडायचा, म्हणजे जे टाळायचं तेच आधी करायचं.

मुरिंगला परतल्यावर मी रुळावरची भोकं विजेरी लावून नीट पाहिली. मधल्या भोकांच्या कडा अंडाकृती झाल्या होत्या, पिनेने खाऊन खाऊन. टोकाकडची भोकं मात्र कारखान्यातून आल्यासारखी कोरी. साहेबांच्या आधी या बोटीचे जे कोणी मालक झाले, त्यांच्यापैकी कुणीही ही गाडी कधी हलवलेली नव्हती. इतकी वर्षं बोटीवर ट्रॅव्हलर होता, आणि इतकी वर्षं त्याचा उपयोग शून्य. माझ्या धंद्यात अशी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत: शोरूममध्ये फिरणारे, पाण्याचा दाब आला की न फिरणारे व्हॉल्व्ह, दोन माणसं लटकल्याशिवाय न सुटणारे क्लॅम्प. बनवणाऱ्याने ते रिकामे तपासलेले असतात. ओझं असताना जे चालवता येत नाही, त्याला मी यंत्राचा भाग मानत नाही. ते नुसतं वजन.

टिलरवर वहिनी का बसत नाहीत, हे मी जाताना विचारलं होतं. त्यांनी मनगट दाखवलं. संधिवात. हलक्या वाऱ्यात त्या उत्तम चालवतात, साहेबांपेक्षा सरळ, असं साहेबच सांगतात. पण वारा वाढला की टिलर ओढून धरणं त्यांच्याने होत नाही. म्हणजे वारा वाढल्यावर बोटीवर चालवणारा एकच, तोही सत्तरीचा. दोघांपैकी एकाला काही झालं तर दुसऱ्याने बोट घरी आणली पाहिजे, ही साहेबांची खरी काळजी होती. वेगाची हौस त्यांना नव्हती. हे कळल्यावर कामाचं माप मला मिळालं: गाडी वहिनींच्या एका हाताने, बसल्या जागेवरून, भर वाऱ्यात सरकली पाहिजे.

मेच्या अखेरीला बोट पाण्याबाहेर निघाली आणि रायगडच्या किनाऱ्यावर एका खाडीतल्या यार्डात ताडपत्रीखाली उभी राहिली. तिथे जुनं सामान उकलायला घेतलं. रूळ सागवानी तुळईवर बसवलेला होता आणि ती तुळई कॉकपिटच्या, म्हणजे चालवणारे बसतात त्या खोलगट जागेच्या, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर टाकलेली. अ‍ॅल्युमिनियमच्या रुळात स्टेनलेसचे बोल्ट, मध्ये कसलाही आडोसा नाही, आणि वर खारं पाणी. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ती भुकटी फुगून बोल्ट असे आवळते की नट सुटतो पण बोल्ट भोकातून हलत नाही. काही बोल्ट गरम करून निघाले, बाकीचे ड्रिल मारून काढावे लागले. तुळईला भोकांच्या रेषेत लांब चीर गेली होती. वरून वॉर्निशचा थर इतका सुबक, की बाहेरून संशय येऊ नये. बाकावरच्या भोकांतून ओला, काळपट भुसा आला. फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचं भरण असतं, त्यात वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. यार्डातल्या सुताराने बोटात चिमूट घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "दादा, ह्ये आधी सुकवा, लोखंड मागून."

त्याचं खरं होतं. भोकांभोवतीचं कुजलेलं भरण कोरून काढलं, कोरडं होऊ दिलं, आणि त्या पोकळ्या जाड केलेल्या इपॉक्सीने भरल्या. नवीन भोकं त्या भरीव इपॉक्सीतून पाडली, म्हणजे पुढे कधी बोल्टाशेजारून पाणी झिरपलं तरी ते लाकडापर्यंत पोचणार नाही. बोटीच्या कामात हा भाग कुणाला दिसत नाही आणि फोटोतही येत नाही. माझ्या मते जुन्या बोटीवर नवीन सामान चढवण्यातलं निम्मं काम हेच आहे. महागडा रूळ कुजक्या पृष्ठावर बसवला तर पहिल्याच मोसमात बोल्टासकट उचकटून येईल.

आता तुळई. बाकांमधला गाळा १.२ मीटर. मी भार धरला ४०० किलो, गाळ्याच्या बरोबर मध्ये. १२-१३ चौरस मीटरच्या शिडाला रोजच्या वाऱ्यात एवढा येणार नाही. पण वारा मागून असताना बूम चुकून एका बाजूची दुसऱ्या बाजूला फेकली जाते तेव्हा बसणारा झटका हा रोजचा भार नसतो, आणि ट्रॅव्हलर बहुधा त्याच वेळी मोडतात. अ‍ॅल्युमिनियमची ५० बाय ५० मिलीमीटरची चौकोनी नळी, जाडी ५ मिलीमीटर, ताकदीला पुरत होती. पण ४०० किलोला तिचा झोल जवळजवळ ७ मिलीमीटर निघत होता. एवढा झोल आला की रूळ वाकतो आणि गाडी खळग्यात बसल्यासारखी मध्येच रुतते. नळी ५० रुंद पण ७५ उंच घेतली, तर तोच झोल अडीच मिलीमीटरच्या आत आला. उंची थोडी वाढवली की कडकपणा कितीतरी पटींनी वाढतो, हे पत्र्याच्या शेडची कैची बांधणारा वेल्डरही जाणतो. वहिनींनी एकच अट घातली होती, की केबिनमध्ये उतरताना ती नळी पायात येऊ नये. म्हणून आम्ही ती केबिनच्या दारापासून थोडी मागे, बाकांच्या पातळीत बसवायची ठरवली.

हिशेबावर माझा विश्वास आहे, पण डायलवर जास्त. नळी दोन टेकूंवर ठेवून मध्ये २०० किलोचे लोखंडी गोळे टांगले आणि खाली डायल गेज लावला. काटा सव्वा मिलीमीटरवर थांबला. चाचांनी चष्मा वर करून पाहिलं, भार उतरवला, काटा शून्यावर परत आला. "पक्का है," एवढंच म्हणाले आणि आपल्या शाफ्टकडे वळले.

गाडीच्या बाबतीत चाचांचं आणि माझं मत वेगळं होतं. त्यांना ती इथेच बनवायची होती. डेल्रिन या प्लॅस्टिकचे पॅड लावलेली एक गाडी त्यांनी दुपारभरात उभीही केली, देखणी, खोबणीत बरोबर बसणारी. तीच आम्ही भाराखाली तपासली. गाडीला खाली २०० किलो लटकवले आणि स्प्रिंगकाट्याने आडवी ओढली. काटा पन्नासच्या आसपास गेल्यावर ती हलली. डेल्रिन गुळगुळीत असतं, पण घासणारं ते घासणारंच. भार जितका जास्त तितकं घर्षण जास्त. मग साहेबांनी बाहेरून मागवलेली बॉल-बेअरिंगची गाडी तिच्या रुळावर चढवून तसाच भार दिला. काटा पाच किलोच्याही आत.

त्या गाडीत गोळ्या प्लॅस्टिकच्या असतात. मला आधी ते पटेना. सुरुवातीला कुणालाच पटलं नसावं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये पीटर आणि ओलाफ हार्केन या भावांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी बोटीच्या कप्प्यांत प्लॅस्टिकच्या गोळ्या घालायला सुरुवात केली, आणि आज त्यांचं नाव जगभरच्या शिडाच्या बोटींवर दिसतं. कारण हातात घेतल्यावर समजतं. स्टीलची गोळी खाऱ्या पाण्यात गंजते, आणि गंजली नाही तरी अ‍ॅल्युमिनियमच्या मऊ रुळात खळगे पाडते. प्लॅस्टिकची गोळी भाराखाली किंचित दबते, त्यामुळे शेजारच्या गोळ्याही भार वाटून घेतात. आणि तिला तेल-ग्रीस चालत नाही. आयुष्यभर प्रत्येक बेअरिंगला ग्रीस भरत आलेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. ग्रीसला मीठ आणि धूळ चिकटते, त्याची लेपी होते, गोळ्या लोळायच्या थांबून घासायला लागतात. तिला फक्त गोडं पाणी. गोळ्यांची वाट आणि त्यांना वळवणारी टोकं इतकी नेमकी असतात, की एक-दोन नगांसाठी ती नगरात बनवणं हा हट्ट झाला असता. रूळ आणि गाडी विकत घ्यायची, बाकी सगळं इथे करायचं, यावर चाचांनीही मान डोलावली. त्यांची डेल्रिनची गाडी मी कपाटात ठेवली आहे, काम शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला.

बाकी सगळं म्हणजे नळीची टोकं बंद करणारे आणि बाकाला धरणारे जाड फ्लँज, बाकाखाली लागणाऱ्या बॅकिंग प्लेट, कप्प्यांचे टेकू, दोर पकडून ठेवणारे क्लीट तिरपे बसवायच्या पाचरी, आणि बोल्ट. बोल्टांनी वेळ खाल्ला. समुद्राला ३१६ जातीचं स्टेनलेस लागतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यातले बारीक खड्डे त्यामुळे आटोक्यात राहतात. दिसायला ३०४ अगदी तसंच, चकाकी तीच, चुंबक दोघांनाही जवळपास सारखाच. एका व्यापाऱ्याने ३१६ म्हणून दिलेला डबा दुधाच्या पाइपांसाठी ठेवलेल्या आमच्या मॉली-टेस्टच्या थेंबाने ३०४ ठरवला. डबा परत गेला. दूधसंघाच्या कामाने लावलेली सवय समुद्राच्या कामी आली. प्रत्येक बोल्टावर आणि नळी-रुळाच्या मधल्या फटीत धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावली, नायलॉनचे वॉशर घातले, आणि नळीला अ‍ॅनोडायझिंग करून आणलं.

या सगळ्या काळात साहेब एका बोटीबद्दल बोलत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात नौदलासाठी 'म्हादेई' बांधली गेली, ५६ फुटी, आणि २००९च्या फेब्रुवारीत तिचा ताबा दिला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन इथे थांबत २०१०च्या मेमध्ये मुंबईला परतले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. दांडेकरांच्या यार्डाने अशी समुद्रप्रदक्षिणेची बोट त्याआधी बांधलेली नव्हती, आणि दोंदे मालकासारखे हातावर हात ठेवून बसले नाहीत, बांधणीत उभे राहिले. साहेब हे सांगत ते आम्हाला धीर यावा म्हणून. मला त्यातलं पटलं ते एवढं, की बोट चालवणारा आणि बोट बनवणारा एका टेबलाशी बसले तर ज्याने समुद्र पाहिला नाही त्याच्या हातूनही समुद्राचं काम नीट होतं.

बसवण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ड्रॉइंगवर येणारच नव्हती. गाडी ओढणारे दोर दोन्ही बाजूंना तीनपट फायद्याच्या कप्प्यांतून आणले. कारण गाडी कितीही हलकी असली तरी तिला वाऱ्याकडे ओढताना मेनशीट तिला मागे खेचतच असतो. पण त्या दोरांचे क्लीट कुठे बसवायचे? पुस्तकात दाखवतात तसे रुळाच्या टोकाला लावले असते तर वहिनींना टिलर सोडून पुढे वाकावं लागलं असतं. म्हणून यार्डात, जमिनीवर टेकूंवर उभ्या बोटीत, आम्ही त्यांना दोन्ही बाकांवर आळीपाळीने बसवलं. पाठीमागे उशी कोंबून त्यांना कललेल्या बोटीत बसतात तशी बैठक दिली, डावा हात टिलरवर, आणि डोळे मिटून उजवा हात सहज जिथे पडेल तिथे खडूने खूण केली. मग बाजू बदलली. दोन्ही खुणा सारख्या नव्हत्या. दुखऱ्या मनगटाचा हात थोडा खाली पडत होता. क्लीट खुणांप्रमाणेच बसवले, एक वर, एक खाली. यार्डातले दोघे-तिघे म्हणाले, दिसायला वाकडं दिसतंय. दिसू दे.

क्लीटचा कोनही तसाच तपासला. दोर वर उचकला की सुटला पाहिजे आणि खाली दाबला की बसला पाहिजे, तोही मनगट न मुरगळता. पाचर दोनदा छिलून घेतली तेव्हा तो कोन जमला.

ऑक्टोबरात बोट पाण्यात गेली, पण हवा तसा वारा मिळायला थंडी उजाडली. पुन्हा मांडवा, पुन्हा परतीला वायव्येचा वारा, बंदरात पांढऱ्या फेसाच्या लाटा. या वेळी टिलरवर वहिनी बसल्या. झोत आला, बोट कलली, टिलर त्यांच्या हातात जड होऊ लागला. त्यांनी मेनशीटला हात लावला नाही. उजव्या हाताने दोर वर उचकला, गाडी वाऱ्याआड वीतभर सरकली, आणि त्यांनी दोर पुन्हा दाबून बसवला. शीड ताठच राहिलं, फडफड नाही. बोट सरळ झाली आणि वेग तसाच राहिला. टिलरवर त्यांची दोन बोटं होती. झोत ओसरला तेव्हा वाऱ्याकडचा दोर ओढून त्यांनी गाडी मध्यावर घेतली, तीही एकाच हाताने.

साहेब शेजारी बसून काही बोलत नव्हते. नंतर मला म्हणाले, "शेठ, आता ती मला घरी आणू शकते."

हलक्या वाऱ्यातला फायदा मला अपेक्षित नव्हता. वारा मंदावला तेव्हा वहिनींनी उलटं केलं: गाडी मध्याच्याही पलीकडे वाऱ्याकडे ओढली आणि मेनशीट सैल ठेवला. बूम मध्यावर आली, पण शिडाची कड आवळली गेली नाही, वरच्या भागाला वारा धरायला जागा राहिली. त्या मंद वाऱ्यातही बोट हलत राहिली आणि इंजिन सुरू करावं लागलं नाही. जुन्या ठोकळ्यावर हे कधीच जमलं नसतं.

एवढं झाल्यावर कुणी विचारेल, की या सगळ्याऐवजी मोठं शीड कमी का नाही करायचं. करायचंच. गाडी टोकाला गेल्यावरही बोट कलत असेल तर मेनशीट सोडायचा, आणि तरीही भागत नसेल तर शीड दुमडून लहान करायचं. ट्रॅव्हलर त्याला पर्याय नाही. तो फक्त मधला मोठा पट्टा सांभाळतो, झोत येतो आणि जातो तो, जिथे शीड कमी करण्याइतका वारा नाही पण हात थकवण्याइतका आहे. मुंबईच्या बंदरातल्या दुपारी बहुतेक त्याच पट्ट्यात जातात.

नंतर साहेबांच्या ओळखीने आणखी काही जणांची विचारणा आली. कुणाला नवीन शिडं घ्यायची होती, कुणाला नवीन इंजिन, आणि कुणाचा बोट जुनी झाली म्हणून ती विकायचाही विचार होता. माझं मत त्यांना सांगितलं ते इथेही लिहितो. विकायच्या आधी, आणि शिडांवर मोठा पैसा घालायच्याही आधी, चांगल्या वाऱ्याच्या दुपारी बोट बाहेर न्या आणि मेनशीट न सोडता ट्रॅव्हलर सरकवून पाहा. मुरिंगवर नको, वाऱ्यात. घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला तो सरकवायला सांगा. सरकला नाही तर आधी तेच काम करा. रूळ आणि गाडी चांगल्या कंपनीची घ्या, तिथे काटकसर नको. तुळई, फ्लँज, प्लेट, पाचर तुमच्या गावातला कुठलाही नीट टर्नर-फिटर करून देईल, मात्र त्याला एकदा बोटीवर घेऊन जा. मेमध्ये बोट बाहेर निघाली की लगेच माप घ्या, कारण भरण सुकायलाच पावसाळ्यात सगळ्यात जास्त वेळ लागतो. बसवून झाल्यावर गाडी प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस लावू नका, आणि मोसम सुरू व्हायच्या आधी तुळईचे सगळे नट एकदा पान्याने तपासा.